समक्ष : सयाजीरावकालीन बडोद्यातील वरिष्ठ-कनिष्ठांच्या भेटी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आपल्या हेडमास्तरांची एक सवय येथे बसलेल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते एका शिक्षकाला, आणि एकालाच, आपल्या खोलीत बोलावीत. टेबलावरचे कागद बाजूला सारीत, शिपायाला दाराबाहेर बसवीत आणि पहिली काही मिनिटे स्वतः अवाक्षर बोलत नसत. महाविद्यालयात जाण्यापूर्वी मी दोन वर्षे या शाळेत शिकवले. माझी पाळी पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटले, आपल्या हातून काही प्रमाद घडला असावा. मी उभाच राहिलो. सर म्हणाले, ‘‘बसा, आणि तुम्ही बोला. माझे बोलणे आठवडाभर सूचनावहीतून होतच असते.’’

त्या पाऊण तासात मी काय बोललो ते आज आठवत नाही. नववीच्या एका तुकडीपुढे उभे राहण्याची मला भीती वाटते, ही कबुली मात्र मी दिली होती, आणि ती मी घरीही कोणाला दिली नव्हती, एवढे पक्के स्मरते. पुढच्या सोमवारपासून सर त्या तुकडीच्या वर्गावरून दिवसातून एकदा सहज म्हणून जाऊ लागले. आत कधी आले नाहीत.

आजच्या व्याख्यानाचा विषय त्या खोलीतून निघाला आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. त्याला निमित्त मात्र माझ्या भाच्याचे झाले. तो येथल्याच एका कारखान्यात अधिकारी आहे. हाताखालच्या प्रत्येक माणसाला पंधरवड्यातून एकदा एकट्याने भेटावे, अशी त्यांच्याकडे शिस्त आहे. त्या भेटीला ते ‘वन-ऑन-वन’ म्हणतात. ती कशी घ्यावी हे समजावे म्हणून त्याला एक पुस्तक वाचायला दिले होते, आणि ते त्याने माझ्या टेबलावर आणून ठेवले. अमेरिकेतील इंटेल कंपनीचे अँड्र्यू ग्रोव्ह यांचे हे पुस्तक १९८३ साली प्रसिद्ध झाले. व्यवस्थापनशास्त्रावरची पुस्तके वाचण्याचा मला सराव नाही आणि गोडीही नाही. पण या पुस्तकातील एका विचाराने मी थबकलो. ग्रोव्ह यांचे म्हणणे असे की, ही भेट वरिष्ठाची नसून कनिष्ठाची समजावी. विषय त्याने ठरवावेत, सूर त्याने लावावा, वरिष्ठाने ऐकावे आणि शिकावे. भेटीला निदान तासभर द्यावा, कारण अवघड गोष्ट माणूस पहिल्या दहा मिनिटांत काढीत नाही. आणि दोघांनीही टिपणे ठेवावीत. आमच्या सरांनी हे पुस्तक पाहिलेले असणे शक्यच नव्हते, कारण ते लिहिले जाण्याआधीच सर निवृत्त झाले होते. मग हा विचार आपल्या परंपरेत कोठे दिसतो, कोठे दिसत नाही, याचा शोध घ्यावा असे मला वाटले. इतिहास हा माझा अध्यापनाचा विषय नव्हे. मी भाषेचा आणि साहित्याचा माणूस. म्हणून शोधाला शब्दापासूनच प्रारंभ करतो.

आपल्या जुन्या कारभारी मराठीत या गोष्टीसाठी नेमके शब्द आहेत. ‘रूबरू’ म्हणजे तोंडासमोर तोंड. ‘समक्ष’ म्हणजे डोळ्यांपुढे. ‘एकांत’, ‘खलबत’, ‘मसलत’ या शब्दांच्या छटा वेगवेगळ्या. खलबतात गुप्तता आहे, मसलतीत सल्ला आहे. मजकूर कागदावर घालण्याजोगा नसेल तेव्हा तो ‘समक्ष भेटीअंती’ कळेल असे लिहिण्याचा प्रघात होता. कागदापेक्षा भेट वरचढ, ही जाणीव त्यात आहे. याच कुळातला आणखी एक शब्द आहे ‘हुजूर’. अरबीत त्याचा मूळ अर्थ उपस्थिती, समोर असणे. ज्याच्या समोर उभे राहायचे त्या धन्याला तो शब्द लागला, मग धन्याच्या दप्तराला लागला, आणि शेवटी ‘हुजूर कचेरी’ हे एका इमारतीचे नाव झाले. समोर असणे दाखवणारा शब्द अशा रीतीने अर्ज जाऊन पडण्याच्या जागेचे नाव होऊन बसला. भाषेच्या अभ्यासकाला असे अर्थांतर नेहमीचेच. तरी आजच्या विषयात ते लक्षात ठेवावे, अशी विनंती आहे.

पेशवाईतील एक प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात तो नोंदला असल्याने आख्यायिकेपेक्षा त्याचे वजन थोडे अधिक. थोरले माधवराव पेशवे तरुण वयात स्नानसंध्या, ध्यानधारणा यांत फार वेळ घालवू लागले होते. रामशास्त्री प्रभुणे कामानिमित्त भेटीस आले, पेशवे ध्यानस्थ आहेत असे कळले, आणि ते परत फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. माधवरावांनी आपली चूक मान्य करून क्षमा मागितली तेव्हा शास्त्रीबुवांनी स्पष्ट सांगितले की, ब्राह्मणाचा आचारच पाळायचा असेल तर गादी सोडून आपण दोघेही गंगातीरी जाऊ. राज्य करायचे असेल तर प्रजेच्या कामाला वेळ दिला पाहिजे. या कथेतून आपण रामशास्त्र्यांचा बाणेदारपणा तेवढा उचलतो. मला त्यात दुसरे एक दिसते. शास्त्रीबुवांना भेट नाकारली गेली नव्हती. ती फक्त पुढे ढकलली गेली होती. हे पुढे ढकलणे म्हणजेच नकार आहे, हे त्यांनी ओळखले, आणि धन्याला ते तोंडावर सांगता येईल अशी दुसरी भेट त्यांना मिळाली. माधवरावांची थोरवी मला या दुसऱ्या भेटीत दिसते.

आता आपल्या गावाकडे येतो. सयाजीराव महाराज १८७५ च्या मे महिन्यात दत्तक म्हणून कवळाण्याहून बडोद्यास आले तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळखही जेमतेम होती. इलियटसाहेबांच्या हाताखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषांतून त्यांचे शिक्षण सुरू झाले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची पूर्ण मुखत्यारी हाती येण्यापूर्वी, त्याच वर्षी, दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती छापली गेली आहेत. एका बाजूस त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरी करून आलेला, पन्नाशी ओलांडलेला मुत्सद्दी, आणि दुसऱ्या बाजूस अठरा वर्षांचा राजा. उद्या जो आपला धनी होणार त्याला आज शिकवायचे. कनिष्ठाने वरिष्ठाला, आणि तेही राजाला, चाकरांशी कसे वागावे याचे धडे द्यावेत, ही घटनाच विलक्षण आहे. हे काम पार पडले ते माधवरावांच्या संयमामुळे आणि विद्यार्थ्याच्या ग्रहणशक्तीमुळे. पुढे १८८२ सालीच माधवराव दिवाणपदावरून दूर झाले. ज्याला शिकवले त्याच्या हाताखाली फार दिवस राहणे कठीण असते, हे शिक्षकी पेशातल्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको.

पुढच्या काळात महाराजांनी माणसे स्वतः पारखून घेतली. त्यातली एक पारख लंडनमधली. १८९२ च्या अखेरीस अरविंद घोष हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत विद्वत्तेने उत्तीर्ण होऊन, पण घोडेस्वारीची चाचणी न दिल्याने त्या नोकरीस मुकून बसले होते. महाराज तेव्हा लंडनमध्ये होते. भेट झाली आणि दरमहा २०० रुपयांवर नेमणूक ठरली. सिव्हिल सर्व्हिसचा माणूस आपण दोनशे रुपयांत मिळवला, असे महाराज पुढे कौतुकाने सांगत, ही आठवण खुद्द अरविंदबाबूंची आहे. फेब्रुवारी १८९३ मध्ये ते येथे रुजू झाले. जमीन-मोजणी खाते, मुलकी खाते, सचिवालय अशी वळणे घेत ते शेवटी कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवू लागले. मात्र त्यांची नेमणूक कोठेही असली तरी एखादे नाजूक पत्र किंवा भाषण लिहून हवे असले की महाराज त्यांना सकाळी न्याहारीला राजवाड्यावर बोलावीत, आणि न्याहारीनंतर काम होई.

या न्याहारीच्या भेटींबद्दल आपल्याकडे भक्तिभावाने बोलले जाते. मी जरा कोरडेपणाने बोलणार आहे. त्या भेटी महाराजांच्या गरजेच्या होत्या. विषय महाराजांचा, वेळ महाराजांची, मसुदा महाराजांच्या सहीचा. जोवर काम तासा-दोन तासांचे होते तोवर सारे सुरळीत चालले. १९०३ साली काश्मीरच्या दौऱ्यावर महाराजांनी अरविंदबाबूंना चिटणीस म्हणून बरोबर नेले आणि दोघांत पदोपदी खटके उडाले. तो प्रयोग पुन्हा झाला नाही. त्यांच्या बुद्धिमत्तेची वाखाणणी करताना वक्तशीरपणा आणि नियमितपणा यांत ते उणे असल्याचा शेराही महाराजांनी दिला होता, हे अरविंदबाबूंनीच नमूद करून ठेवले आहे. या माणसाच्या मनात त्या वर्षांत काय शिजत होते, हे १९०६ साली ते बडोदे सोडून बंगालच्या राजकारणात उतरले तेव्हा जगाला कळले. इतक्या न्याहाऱ्या एकत्र होऊनही धन्याच्या शेऱ्यात वक्तशीरपणाच उरावा! महाराजांना त्याची चाहूल होती, ते जाणून डोळेझाक करीत होते, असेही काही जण मानतात. तसे असेल तर ते त्यांचे औदार्य. पण त्याला संवाद म्हणता येणार नाही.

याच्या उलट उदाहरण रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे. रत्नागिरी जिल्ह्यातला हा तेवीस वर्षांचा पदवीधर जानेवारी १८८९ मध्ये महाराजांचा ‘रीडर’, म्हणजे वाचक, म्हणून नोकरीस लागला. काम असे की महाराजांना ग्रंथ वाचून दाखवायचे, त्यांतील मुद्दे काढून द्यायचे, आणि महाराज प्रश्न विचारतील त्यांची उत्तरे शोधून आणायची. वरवर पाहता ही हुजरेगिरीच. पण वाचनाची बैठक ही मोठी मजेची जागा असते. पुस्तक मध्ये असल्यामुळे धनी आणि चाकर दोघेही एका तिसऱ्याचे ऐकत असतात. चाकराला आपले मत थेट सांगण्याचे धाडस नसले तरी लेखकाच्या मताच्या आडून तो ते सांगू शकतो, आणि धन्यालाही मानभंग न होता आपले अज्ञान उघड करता येते. मॅकिआव्हेलीचे राजनीतीवरील पुस्तक आणि सीलीचा इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथ सरदेसायांनी मराठीत आणले ते याच चाकरीत असताना. महाराजांना आणि पुढे राजपुत्रांना शिकवण्याच्या निमित्ताने केलेल्या टिपणांतूनच मराठी, मुसलमानी आणि ब्रिटिश या रियासती वाढल्या. ‘मुसलमानी रियासत’ १८९८ साली बाहेर पडली. ग्रोव्हसाहेब टिपणांचे महत्त्व सांगतात. येथे तर टिपणांतून मराठी इतिहासलेखनाचे एक दालन उभे राहिले!

नानासाहेब सरदेसायांनी या सहवासाच्या आठवणी १९५६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. ज्या माजी विद्यार्थ्यांनी ते पुस्तक वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. मात्र या छत्तीस वर्षांच्या सहवासाचा शेवट गोड झाला नाही. १९२५ साली सरदेसायांनी इतिहासाच्या कामासाठी निवृत्ती मागितली. महाराजांना ती रुचली नाही, आणि निवृत्तिवेतनात कपात झाली. सरदेसाई कामशेतला जाऊन राहिले आणि पेशवे दप्तराच्या संपादनाचे प्रचंड काम त्यांनी त्यानंतर केले. छत्तीस वर्षे जो माणूस समोर बसून वाचत होता त्याला आता स्वतःचे लिहायचे आहे, ही त्याची गरज महाराजांना आपली मानता आली नाही. तरीही नानासाहेबांच्या लेखणीत कडवटपणा आढळत नाही. तो त्यांचा स्वभाव असेल. पण वर्षानुवर्षे ज्याच्याशी मोकळेपणी प्रश्नोत्तरे झाली त्याच्यावर माणूस पुरता रुसू शकत नाही, हेही त्यामागे असावे असे मला वाटते.

येथवर जी चित्रे दाखवली ती सारी राजवाड्याच्या आतली आहेत. महाराजांच्या समोर बसण्याचे भाग्य ज्यांना लाभले अशा थोड्या माणसांची आहेत. पण राज्य चालत होते ते कोठी कचेरीतून, चार प्रांतांच्या सुभ्यांकडून, वहिवाटदारांकडून, तलाट्यांकडून आणि शाळामास्तरांकडून. शिवाय प्रकृतीच्या कारणाने महाराज १८८७ पासून वरचेवर युरोपला जात, आणि ते मुक्काम दीर्घ असत. हुजूर जेव्हा शब्दशः हुजूर नसतात, तेव्हा त्यांच्या तोंडचा शब्द खालपर्यंत कोण पोहोचवतो? अंत्यजांच्या मुलांसाठी महाराजांनी १८८२-८३ च्या सुमारास शाळा काढल्या. हुकूम निघाला, पैसा मंजूर झाला, आणि शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेना. प्रथम मुसलमान शिक्षक नेमावे लागले आणि पुढे आर्यसमाजाची मदत घ्यावी लागली. हुकूम राजवाड्यातून निघत होता आणि वर्गाच्या उंबरठ्यावर अडत होता. मधल्या कोणत्याही पायरीवर एका माणसाने दुसऱ्याला समोर बसवून, ‘तुझी अडचण काय आहे’ असे विचारल्याचे या व्यवस्थेत दिसत नाही. विचारले असते तर उत्तर ऐकवले नसते, हेही खरे.

थोडे विषयांतर करून स्वतःविषयी एक गोष्ट सांगतो, कारण इतिहासातल्या माणसांची उणी काढताना आपले उणे झाकून ठेवणे बरे नव्हे. मी एका महाविद्यालयात विभागप्रमुख असताना, ‘माझे दार सर्वांना सदैव उघडे आहे’ असे मोठ्या तोऱ्याने सांगत असे. दार खरोखरच उघडे असे. त्यामुळे आत नेहमी तीन-चार माणसे बसलेली असत, चहा चालू असे, आणि मीच बोलत असे. एक तरुण अधिव्याख्याता सत्रभर दाराशी येऊन परत जात होता, हे मला त्याचा राजीनामा हाती पडल्यानंतर शिपायाने सांगितले. शनिवारी बंद होणाऱ्या त्या दाराचा अर्थ मला तेव्हा उमगला.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो. बडोद्यात राहून तो टाळून बोलणे मला प्रशस्त वाटत नाही.

भीमराव आंबेडकर इंटरची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा पुढच्या शिक्षणास पैसा नव्हता. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजी त्यांना मुंबईत सयाजीराव महाराजांच्या भेटीस घेऊन गेले. महाराजांनी त्या तरुणाला समोर उभे करून स्वतः प्रश्न विचारले. उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बी.ए. झाल्यावर १९१३ च्या आरंभी आंबेडकर बडोद्यात नोकरीस आले, पण थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना मुंबईस परतावे लागले, आणि २ फेब्रुवारीला वडील वारले. त्याच वर्षी मुंबईत पुन्हा महाराजांची भेट झाली. अमेरिकेत विद्यार्थी पाठवण्याचा विचार चालू होता. महाराजांनी अर्ज करायला सांगितले. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर झाली, आणि ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी, अशी अट होती. या दोन्ही भेटी लहानच असतील. पण एका राजाने एका महार विद्यार्थ्याला समोर घेऊन त्याचे ऐकावे आणि ऐकल्यावर निर्णय द्यावा, याची त्या काळच्या हिंदुस्थानात किती उदाहरणे सापडतील? कोलंबिया विद्यापीठाचे दार त्या भेटींनी उघडले.

करारानुसार आंबेडकर १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास आले. येण्यासाठी गाडीभाड्याचा प्रश्न होता. त्यांचे सामान घेऊन येणारी बोट महायुद्धात पाणतिराने बुडाली होती आणि थॉमस कुक कंपनीने त्याबद्दल ६०० रुपये भरपाई दिली होती. त्या पैशांतून प्रवास झाला. येथे काय घडले ते त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेला अंधारा दिवाणखाना, दिवसाचे भाडे दीड रुपया. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारीची नेमणूक. कचेरीतले शिपाई लांबून फायली टाकीत, पिण्याचे पाणी मिळत नसे, असे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतायचे. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. दिवाणांना त्यात तातडीचे काही वाटले नाही, आणि अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावरून वर आले. धर्मशाळा बाटवली म्हणून जाब विचारला गेला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. आंबेडकरांना येथे दोन स्नेही होते. एक हिंदू, त्याने घरातले नोकर निघून जातील असे सांगितले. दुसरा मूळचा ब्राह्मण, ख्रिस्ती झालेला, त्याने पत्नीला विचारून सांगतो म्हटले. आंबेडकर काय समजायचे ते समजले. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तो वेळ त्यांनी कमाटी बागेत बसून काढला. महाराजांच्या कानावर ही हकिकत घातली गेली तेव्हा त्यांनी ती दिवाण मनुभाई मेहता यांच्याकडे सोपवली, आणि दिवाणांनी आपली असमर्थता कळवली, असे कीर सांगतात.

या हकिकतीत दुष्ट असा एक माणूस शोधू लागलो तर हाती काही लागत नाही. महाराज दुष्ट नव्हते. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांच्याइतके काम केलेला दुसरा संस्थानिक मला सांगता येणार नाही. मनुभाई विद्वान आणि कर्तबगार दिवाण होते. पण ज्या तरुणाला राजाने दोनदा समोर घेऊन ऐकले, त्याला त्याच राजाच्या कचेरीत एकाही अधिकाऱ्याने समोर बसवून, ‘तुम्ही राहता कोठे?’ एवढे विचारले नाही. प्रश्न अगदी साधा आहे. कोणत्याही नव्या कारकुनाला त्याचा वरिष्ठ पहिल्या दिवशी विचारतो. येथे तो विचारणे अवघड होते, कारण उत्तर ऐकल्यावर काहीतरी करणे भाग पडले असते. म्हणून अर्ज फिरत राहिला. अर्जाला डोळे नसतात. तो कोणाकडे पाहत नाही.

भेट कनिष्ठाची समजावी, हे ग्रोव्ह यांचे सूत्र मला मान्य आहे. पण या इतिहासाने मला त्यात एक पुस्ती जोडायला भाग पाडले. भेटीत दिलेला शब्द पुढच्या पायरीवरच्या भेटीतून खाली गेला पाहिजे. तेथे तो कागदावर चढला की त्याची वाट हुजूर कचेरीची होते. आपल्या सरांनी सूचनावही आणि शनिवारची खोली वेगळी ठेवली होती. नववीच्या त्या तुकडीबद्दल त्यांनी वहीत काही लिहिले नाही, कोणा पर्यवेक्षकाकडे ते काम सोपवले नाही. ते स्वतः चालत आले.

दहा वर्षांच्या कराराची ती नोकरी काही आठवड्यांत संपली. कोठीपासून कमाटी बाग पायी फार दूर नाही. आंबेडकर त्या दिवशी जेथे बसले असे मानतात ती बागेतली जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि दरवर्षी सप्टेंबरात तेथे दूरदूरचे लोक जमतात. महाराज आणि आंबेडकर यांचे संबंध मात्र तुटले नाहीत. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत दोघेही होते, आणि आंबेडकरांचे भाषण ऐकून महाराज सद्गदित झाले असे चरित्रकार सांगतात. त्यापूर्वी १९२५ साली आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे. अर्पणपत्रिका एका वाक्याची आहे. शिक्षणाच्या कामी महाराजांनी केलेल्या साहाय्याबद्दल तीत कृतज्ञता व्यक्त केली आहे. नोकरीबद्दल तीत एकही शब्द नाही.